मोठ्या कंपनीला जाहीर जाब विचारायचा आहे: पुरावे, राजकीय पैसा आणि तक्रारीची दारे

नदीकाठ:

एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या उपकंपनीचा रासायनिक कारखाना आहे. त्याचं सांडपाणी नदीत जातं, कंत्राटी कामगारांचं वेतन थकलंय, आणि कारखान्याच्या विस्ताराआड येणारा एक नियम ऐन वेळी बदलला गेला. या तिन्हींवर आम्ही पाच-सहा जण मिळून जाहीर अहवाल काढणार आहोत. कंपनीने पक्षाला देणगी दिल्याचं बोललं जातं, पण हातात कागद नाही. याआधी बातम्या आल्या, तेव्हा कंपनीने 'आम्ही सर्व नियमांचे पालन करतो' एवढं छापील उत्तर दिलं आणि विषय थंडावला.

जाणकारांनी सांगावं: कंपनीची कागदपत्रं कुठून आणि कशी वाचायची? राजकीय पैशाचा माग कसा काढायचा? अहवाल तयार झाल्यावर तो कुणापुढे ठेवला तर उत्तर द्यावंच लागेल? आणि अब्रुनुकसानीची नोटीस आली तर काय?

खतावणी:

तीन आरोप एकत्र केले की कंपनी त्यातला सगळ्यात कच्चा निवडते, तेवढाच खोडून काढते आणि मग बाकीचे दोनही त्याच माळेतले ठरवते. त्यामुळे पहिला अहवाल एकाच आरोपाचा काढा. ज्याचे कागद सर्वांत भक्कम, तो. उरलेले दोन नंतर, स्वतंत्र.

आता कागद. सुरुवात 'कंपनी' या शब्दापासूनच करा, कारण कारखान्याच्या फाटकावरची पाटी, पर्यावरण परवानग्यांवरचं नाव, पगारपत्रकावरचं नाव आणि शेअर बाजारातलं नाव ही बहुधा चार वेगळी नावं असतात. नावांवर विसंबू नका, नोंदणी क्रमांक धरा. एकाच समूहात एका अक्षराच्या फरकाच्या दोन कंपन्या सर्रास असतात, आणि चुकीच्या कंपनीवर आरोप केला की पुढचं सगळं वाया जातं. प्रत्येक कंपनीपुढे तीन गोष्टी लिहा: नोंदणी क्रमांक, मालकीची टक्केवारी आणि ती टक्केवारी कोणत्या तारखेची. तारीख फार महत्त्वाची. युनियन कार्बाइडकडे भोपाळच्या भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के शेअर होते. १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, २००१ मध्ये युनियन कार्बाइडच डाऊ केमिकलने विकत घेतली, आणि 'तेव्हा आम्ही मालक नव्हतो' हा डाऊचा बचाव तेव्हापासून चालू आहे. घटना घडली त्या दिवशी मालक कोण होतं आणि आज कोण आहे, हे दोन वेगळे तक्ते असायला हवेत.

कुठे मिळतं? अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक '१०-के' अहवाल काढा. त्याच्या परिशिष्ट २१ मध्ये महत्त्वाच्या उपकंपन्यांची यादी असते. 'लीगल प्रोसीडिंग्ज'मध्ये सरकार पक्षकार असलेले पर्यावरणाचे खटले द्यावे लागतात. दंडाची शक्यता ३ लाख डॉलरच्या वर असेल तर. (कंपनी याहून वरची मर्यादा ठरवू शकते, पण मग ती मर्यादा जाहीर करावी लागते. ती आहे का पाहा.) ब्रिटनमध्ये 'कंपनीज हाउस'वर सगळे कागद फुकट दिसतात आणि २०१६ पासून २५ टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या खऱ्या मालकाची नोंद तिथे द्यावी लागते. भारतात वार्षिक हिशेबाला जोडलेला 'एओसी-१' म्हणजे उपकंपन्यांचा तक्ता. शिवाय बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा जबाबदारी अहवाल सक्तीचा आहे. त्यात पर्यावरण कायद्यांचं पालन होतं का, नसेल तर कुठे, हा थेट प्रश्न आहे. तिथे 'होय' लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे नियामकाची नोटीस असेल, तर तो एक पानाचा मुद्दा सबंध अहवालाहून जड आहे.

वार्षिक अहवाल पुढून वाचू नका. पुढची पानं जाहिरातीची असतात. मागून, हिशेबाच्या टिपांपासून सुरू करा. तीन टिपा बघा: संभाव्य देणी (कोर्टात चाललेले दावे आणि दंड इथे रकमेसकट असतात), संबंधित पक्षांशी व्यवहार (समूहातल्याच कंपनीला दिलेलं शुल्क, कर्ज, हमी) आणि लेखापरीक्षकाचे शेरे. मागच्या पाच वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा आणि टीप कोणत्या वर्षी गायब झाली ते पाहा. दावा निकाली निघाल्याशिवाय टीप गेली असेल तर ते विचारण्याजोगं आहे.

आणि एक गोष्ट ठळक करून सांगतो. मूळ कंपनी स्वतःच्या अहवालात स्वतःबद्दल जे लिहिते, तेच तिच्याविरुद्ध सर्वांत कामाचं असतं. झांबियातल्या चिंगोला भागातले १,८२६ गावकरी तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणाविरुद्ध लंडनच्या कोर्टात गेले, तेव्हा खाणीची मूळ कंपनी असलेल्या वेदांताचं म्हणणं होतं की खाण उपकंपनीची, आमचा संबंध नाही. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा चालवायला परवानगी दिली. त्यात वजन पडलं ते वेदांताने स्वतः छापलेल्या मजकुराचं: उपकंपन्यांच्या पर्यावरण-दर्जावर आपली देखरेख असते, असं तिनेच लिहिलं होतं. दोष सिद्ध झाला नव्हता हे लक्षात ठेवा, निकाल अधिकारक्षेत्राचा होता. पण दार उघडलं आणि २०२१ मध्ये तडजोड झाली. म्हणून 'आमच्या सर्व कारखान्यांवर समूहाचं धोरण लागू आहे' असं वाक्य दिसलं की पान क्रमांकासकट उतरवून घ्या.

पान जसंच्या तसं जपा. संकेतस्थळावरची पानं टीका सुरू होताच बदलतात. प्रत्येक पानाची पीडीएफ, वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारी सेवा) जतन केलेली प्रत आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारी सांकेतिक खूण) काढून त्याच दिवशी तक्त्यात नोंदवा. फक्त स्क्रीनशॉट पुरत नाही. तो कुणीही बनवू शकतो, आणि हे समोरच्या वकिलाला पक्कं ठाऊक असतं.

क्षारमापी:

सांडपाण्याचा आरोप निवडलात तर नमुने घेण्याआधी हे वाचा. इथे हौशी गटांचे अहवाल पडतात.

एका बाटलीतलं पाणी काहीच सिद्ध करत नाही. किमान तीन जागा हव्यात: नाल्याच्या तोंडाच्या वर, तोंडाशी आणि पाणी मिसळून झाल्यावर खाली. वरचा नमुना नसेल तर 'प्रदूषण आधीपासूनच होतं' हे उत्तर तयार असतं. खालचा नमुना फार जवळ घेऊ नका. सांडपाणी बरंच अंतर एकाच काठाने वाहतं, पात्रभर मिसळत नाही, म्हणून तिथे रुंदीत तीन ठिकाणी घ्या. नमुने सार्वजनिक काठावरूनच घ्या. कुंपणाच्या आत पाऊल टाकलंत तर चर्चा पाण्याची राहत नाही, तुमच्या घुसखोरीची होते.

बाटली आणि जपणूक तपासणीप्रमाणे बदलते. सामू (पीएच) आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचा. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो आकडा बदललेला असतो. जड धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणायचा, मग नमुना सहा महिने टिकतो. पारा असेल तर २८ दिवस. विरघळलेले धातू वेगळे हवे असतील तर आम्ल घालण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळायचं. हा क्रम उलटा झाला की गाळातले धातू पाण्यात उतरतात आणि आकडा खोटा चढतो. सीओडीला (पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन) गंधकाम्ल, तोही सामू २ च्या खाली. बीओडीला (तीच घाण जिवाणूंनी कुजवायला लागणारा ऑक्सिजन) आम्ल अजिबात नको. ४ अंशांवर थंड ठेवायचं आणि ४८ तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, प्रयोगशाळेत. बाष्पशील द्रावकांसाठी ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरायची, उलटी करून बुडबुडा दिसला तर दुसरी भरायची. पीफास (सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त) रसायनं शोधायची असतील तर टेफ्लॉनचा संपर्क कुठेच नको, अगदी झाकणाच्या अस्तरातही. पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई बाटली वापरा.

प्रत्येक फेरीत एक कोरी बाटली न्या. प्रयोगशाळेने दिलेलं शुद्ध पाणी नदीकाठी उघडून त्याच पद्धतीने भरायचं. त्यात काही आढळलं तर दोष तुमच्या हाताळणीत आहे, हे तुम्हालाच आधी कळेल. नमुना दोन भागांत करून आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या दोन प्रयोगशाळांना पाठवा. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, तपासणीनिहाय असते. तुमची तपासणी त्या यादीत आहे का ते आधी बघा. बाटलीवर क्रमांक, वेळ, अक्षांश-रेखांश, मोहोर. सोबतच्या कागदावर ती कुणाकडून कुणाकडे कधी गेली याच्या सह्या. या साखळीत एक सही राहिली तरी नमुना वादात सापडतो.

फेऱ्या वेगवेगळ्या वेळी हव्यात, रात्रीही. साठवलेलं सांडपाणी दिवसा सोडतातच असं नाही.

फोक्सवॅगनचं उदाहरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने तीन डिझेल गाड्या रस्त्यावर चालवून धूर मोजला. फोक्सवॅगनची एक गाडी मर्यादेच्या १५ ते ३५ पट, दुसरी ५ ते २० पट. तिसरी गाडी दुसऱ्या कंपनीची, आणि ती बहुतेक मर्यादेतच राहिली. त्याच यंत्राने, त्याच पद्धतीने मोजून एक गाडी पास झाली होती, म्हणून 'तुमचं यंत्रच चुकीचं' म्हणायला जागा उरली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने चाचणीपुरता धूर कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल नोटीस काढली आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या. तुमच्या अहवालात ती तिसरी गाडी कोणती, हे आधी ठरवा. त्याच नदीवरचा, तसंच उत्पादन घेणारा पण नियम पाळणारा कारखाना असेल तर तिथलेही नमुने घ्या.

तळटीप:

राजकीय पैशाबद्दल लिहितो. देणगीच्या मागे सगळे लागतात, पण प्रभाव टाकण्याच्या वाटांपैकी ती फक्त एक आहे, आणि बऱ्याचदा सर्वांत लहान.

आधी नियम कसा बदलला ते बघा, पैसा नंतर. नियमाचा जुना मजकूर, मसुदा, हरकती-सूचनांचा काळ, त्यात कुणी काय लिहून दिलं आणि अंतिम मजकूर, हे सगळं एका ओळीत लावा. कंपनीने किंवा तिच्या उद्योगसंघटनेने दिलेल्या निवेदनातलं वाक्य अंतिम नियमात जसंच्या तसं उतरलं असेल, तर दोन्ही परिच्छेद शेजारी छापा. वर काही टिप्पणी करायची गरज पडत नाही. निवेदनं प्रसिद्ध केलेली नसतील तर माहिती अधिकारात मागा. नेमका नियम क्रमांक, मसुद्याची तारीख आणि 'प्राप्त सर्व निवेदनांच्या प्रती व त्यावरील टिपणी' असे शब्द वापरा. 'कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार' असं मोघम मागितलं की फेटाळायला सोपं जातं.

मग लॉबिंगच्या, म्हणजे धोरणकर्त्यांवर प्रभाव टाकण्याच्या कामाच्या, नोंदी. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो, तिमाही संपल्यावर २० दिवसांत, आणि त्यात विधेयकाचा क्रमांक असतो. युरोपीय संघाच्या पारदर्शकता नोंदवहीत वर्षाचा खर्च, माणसांची संख्या आणि आयुक्तांशी झालेल्या भेटी दिसतात. भारतात अशी लॉबिंगची नोंदवहीच नाही, पण वर उल्लेख आलेल्या बीआरएसआरमध्ये सातव्या तत्त्वाखाली कंपनी ज्या उद्योगसंघटनांची सदस्य आहे त्यातल्या पहिल्या दहांची नावं द्यावी लागतात. ही यादी अवश्य काढा. कंपनी स्वतः 'आम्ही कडक नियमांच्या बाजूने आहोत' म्हणते आणि तिच्या वर्गणीवर चालणारी संघटना त्याच नियमाविरुद्ध निवेदन देते, हा प्रकार सर्वत्र आहे. शेलने २०१९ मध्ये हवामान धोरणावरच्या मतभेदाचं कारण देऊन अमेरिकेतली एक तेलशुद्धीकरण संघटना सोडली, ती अशी विसंगती गुंतवणूकदारांनी सतत दाखवून दिल्यानंतर. या मुद्द्यावर कंपन्या खरोखर हलतात.

देणगीचा माग: भारतात कंपनी कायद्याच्या कलम १८२ खाली देणगी नफातोट्याच्या हिशेबात दाखवावी लागते. पूर्वी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा होती. २०१७ मध्ये ती काढली आणि कोणत्या पक्षाला किती हे सांगण्याची अटही गेली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजनेसकट हे बदल घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरचा मार्च महिना माग काढणाऱ्यांनी नीट अभ्यासावा. पहिल्यांदा देणाऱ्यांची एक यादी आणि घेणाऱ्यांची दुसरी अशी माहिती बाहेर आली, आणि दोन्ही जुळवता येत नव्हत्या. २१ मार्चला प्रत्येक रोख्याचा स्वतंत्र क्रमांक आला तेव्हाच कुणी कुणाला दिले ते कळलं. म्हणजे माहिती मागताना रक्कम आणि नाव एवढ्यावर थांबू नये, दोन टोकं जोडणारा क्रमांक मागावा. निवडणूक ट्रस्टच्या (कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था) बाबतीत हीच अडचण अजून आहे: ट्रस्ट देणगीदारांची यादी देतो, पक्षांचीही देतो, पण एकाच ट्रस्टने दोन-चार पक्षांना पैसे दिले असतील तर तुमच्या कंपनीचे नेमके कुठे गेले ते त्यातून कळत नाही. तिथे 'कंपनीने ट्रस्टला दिले, ट्रस्टने या पक्षांना दिले' एवढंच लिहा.

मधल्या संस्थांकडे लक्ष ठेवा. ओहायोमध्ये फर्स्टएनर्जी या वीज कंपनीने सुमारे ६ कोटी डॉलर एका ना-नफा संस्थेमार्फत विधानसभेच्या सभापतींच्या गटाकडे वळवले. देणगीदार जाहीर न करण्याची मुभा असलेला संस्थेचा तो प्रकार होता. बदल्यात दोन अणुवीज केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून मदत देणारा कायदा २०१९ मध्ये झाला. सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली, कंपनीने त्याआधी २३ कोटी डॉलर दंड मान्य केला. यातला बराच पैसा निवडणुकीच्या कामी लागला, पण देणगीदारांच्या नेहमीच्या यादीत कंपनीचं नाव शोधणाऱ्याला तो सापडला नसता.

संशोधनाला दिलेला पैसाही विसरू नका. साखर उद्योगाच्या संस्थेने १९६७ च्या एका आढाव्यासाठी हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले होते, हृदयरोगाचा दोष साखरेवरून चरबीकडे वळवणारा तो आढावा होता, आणि हे उघड झालं २०१६ मध्ये. तुमच्या नियमबदलाच्या समितीपुढे ज्या तज्ज्ञाचा अहवाल ठेवला गेला, त्याच्या शोधनिबंधांखालची आर्थिक साहाय्याची ओळ वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

नदीकाठ:

खूप उपयोगी, आभार. समजा देणगी आणि नियमबदल यांच्यात दोनच आठवडे निघाले, तर 'लाच' लिहायला काय हरकत? वाचणाऱ्याला तेच कळणार आहे.

तळटीप:

हरकत मोठी आहे. लाच म्हणजे अमुक काम करण्याच्या बदल्यात पैसा, आणि तो बदल्याचा करार सिद्ध करावा लागतो. ओहायोत तो तपासयंत्रणेने ध्वनिमुद्रणं आणि बँकेच्या नोंदींवरून केला. तुमच्याकडे दोन तारखा आहेत. तुम्ही लिहा: 'अमुक तारखेला इतके रुपये दिले. अमुक तारखेला नियम बदलला. या बदलाने कंपनीच्या विस्ताराआडची अट गेली. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं आम्ही कंपनीला आणि खात्याला विचारलं. उत्तर असं आलं.' आणि एक उलट तपासणी आधी करा. याच कंपनीने नियमबदल नसलेल्या वर्षांतही तेवढीच देणगी दिली होती का? विरोधी पक्षालाही दिली होती का? दिली असेल तर तेही छापा. तुम्ही लपवलंत आणि त्यांनी दाखवलं, तर दोन आठवड्यांचा मुद्दा संपलाच.

गावकोस:

एवढं सगळं करण्यापेक्षा बहिष्काराचं आवाहन का करत नाही? लोकांना समजतं आणि कंपनीला झोंबतं.

खतावणी:

रसायनं बनवणाऱ्या कंपनीचा माल सामान्य माणूस विकत घेतच नाही, त्यामुळे इथे ते लागू पडणार नाही. पण बहिष्कार निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. नेस्लेवरचा बाळांच्या दुधाच्या पावडरीचा बहिष्कार १९७७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि १९८४ मध्ये मागे घेतला गेला, कारण मधल्या काळात, १९८१ ला, जागतिक आरोग्य संघटनेची विक्रीसंहिता आली आणि कंपनीने ती पाळायचं लेखी मान्य केलं. मागणीला कलमं होती, म्हणून ती मान्य झाली की नाही हे तपासता येत होतं. १९८८ ला पालन होत नसल्याचं सांगून बहिष्कार पुन्हा सुरू झाला तो याच आधारावर.

तुमच्या बाबतीत या कंपनीकडून रसायन विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्या शोधा. निर्यातीच्या नोंदी आणि पुरवठादारांच्या जाहीर याद्यांमधून त्या सापडतात. त्यांची 'पुरवठादार आचारसंहिता' काढून ज्या कलमाचा भंग होतोय ते कलम आणि तुमचा एकच पुरावा त्यांच्या खरेदी विभागाला पाठवा. ग्राहकाचा लेखापरीक्षक कारखान्यात येणं हे नियामकाच्या नोटिशीहून लवकर घडतं.

दारं आणखी आहेत. मूळ कंपनी ज्या देशात नोंदलेली आहे तो देश ओईसीडीच्या (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना) बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांशी बांधील असेल (५० हून अधिक देश आहेत, भारत त्यात नाही), तर त्या देशाच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार करता येते. कारखाना कुठल्या देशात आहे यावर ते अडत नाही. वकील लागत नाही, शुल्क नाही. दंड करण्याचा अधिकार मात्र केंद्राला नाही. मध्यस्थी आणि शेवटी जाहीर निवेदन, एवढंच. तरीही गुंतवणूकदाराला त्यात ओढता येतं हे फार मोलाचं आहे. पोस्को या कोरियन पोलाद कंपनीच्या ओडिशातल्या प्रकल्पाबद्दल २०१२ मध्ये तक्रार झाली ती कोरियाबरोबरच नॉर्वे आणि नेदरलँड्सच्या केंद्रांकडेही, कारण तिथल्या पेन्शन निधींचे पोस्कोत शेअर होते. नॉर्वेच्या केंद्राने २०१३ मध्ये थेट त्यांच्या सरकारी निधीच्या व्यवस्थापकाविरुद्ध निष्कर्ष दिला: अल्पसंख्य भागधारक असलो तरी जबाबदारी येतेच. म्हणून शेअरधारकांच्या यादीत परदेशी पेन्शन निधी आहेत का ते पहिल्याच आठवड्यात बघा.

प्रकल्पाला जागतिक बँक समूहाच्या आयएफसीचं (खासगी कंपन्यांना कर्ज देणारी शाखा) कर्ज असेल तर त्यांच्या सीएओ या तक्रार कार्यालयाकडे जाता येतं. तीन अटी: प्रकल्प आयएफसीचा असावा, तक्रार पर्यावरण वा समाजाच्या नुकसानीची असावी, आणि तक्रारदार बाधित असावा (किंवा बाधिताने अधिकार दिलेला प्रतिनिधी). मुंद्रा इथल्या टाटांच्या वीज प्रकल्पाबाबत २०११ मध्ये तक्रार झाली, २०१३ च्या तपासणीत आयएफसीच्या त्रुटी निघाल्या. मच्छीमार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २०१९ मध्ये 'आयएफसीला संपूर्ण अभय नाही' हा निकाल मिळवला, पण पुढे खालच्या कोर्टांनी दावा फेटाळलाच. तेव्हा या मार्गाने कागद आणि दबाव मिळतो. भरपाईची आशा बाधितांना दाखवू नका.

मूळ कंपनी फ्रेंच असेल तर २०१७ च्या दक्षता कायद्याची (उपकंपन्या आणि पुरवठादारांकडून होणारं नुकसान रोखण्याची जबाबदारी मोठ्या कंपनीवर टाकणारा) मर्यादा तपासा: फ्रान्समध्ये ५,००० किंवा जगभरात १०,००० कर्मचारी. त्याखाली आधी औपचारिक नोटीस द्यायची, तीन महिन्यांत सुधारणा नाही झाली तर कोर्ट.

एकाच वेळी सगळीकडे अर्ज टाकू नका. एका ठिकाणी चालू असलेली कार्यवाही दाखवून दुसरीकडे कंपनी वेळ मागते. क्रम असा ठेवा की आधीच्या ठिकाणचा कागद पुढच्या ठिकाणी पुरावा म्हणून वापरता येईल.

मनाईहुकूम:

अब्रुनुकसानीच्या नोटिशीबद्दल. खरी तयारी छापण्याआधी असते.

कंपनीला प्रश्नावली पाठवा. आरोप क्रमांकाने, प्रत्येकाखाली कागदाची तारीख आणि पान, आणि शेवटी असा प्रश्न की ज्याला 'सर्व नियमांचे पालन करतो' हे उत्तर लागूच पडणार नाही. उदाहरणार्थ: 'अमुक तारखेच्या नोटिशीतल्या तिसऱ्या मुद्द्याची पूर्तता कोणत्या तारखेला केली? पूर्ततेचा अहवाल कुणाला सादर केला?' दहा कामकाजी दिवस द्या. उपकंपनीचे सचिव, मूळ कंपनीचा विधी विभाग आणि लेखापरीक्षण समितीचे स्वतंत्र संचालक, तिघांनाही पाठवा, पोचपावतीसह. पूर्ण मसुदा पाठवू नका, नाहीतर छापण्याआधीच मनाई हुकूम मागायला तो वापरला जातो. आलेलं उत्तर संपूर्ण छापा. स्वतंत्र संचालकाला लेखी कळवलं की 'आम्हाला माहीत नव्हतं' हा मार्ग त्याला पुढे बंद होतो, आणि मंडळाच्या बैठकीत प्रश्न विचारणारा तोच पहिला असतो.

भारतात एकतर्फी मनाईची भीती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट ('आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा आगाऊ अर्ज) दाखल करून ठेवा. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा करावं लागतं. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की सुनावणीशिवाय लेखन रोखण्याचा हुकूम अपवादात्मक परिस्थितीतच द्यावा. तो निकाल वकिलाच्या हाताशी असू द्या. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तोंड बंद करण्यासाठी केलेल्या दाव्यांविरुद्ध निर्देश काढला आहे, पण तो सीमापार प्रकरणांपुरता.

मॅकडोनाल्ड्सने लंडनमध्ये पत्रक वाटणाऱ्या दोघांवर केलेल्या दाव्याचा निकाल १९९७ मध्ये लागला, तेव्हा पत्रकातले काही आरोप खरे ठरले आणि काही सिद्ध झाले नाहीत. दोघांवर भरपाई बसली ती न सिद्ध झालेल्यांसाठी. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये त्यांना वकिलीचं साहाय्य न देणं चूक ठरवलं खरं, पण तोवर किती वर्षं गेली पाहा. खतावणी यांनी एकाच आरोपाचा आग्रह का धरला, ते यावरून कळेल.

कामगारांनी कागद दिले असतील तर ते जसेच्या तसे छापू नका. रंगीत लेसर प्रिंटर पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात, त्यात यंत्राचा क्रमांक आणि वेळ असते. फोटोमध्ये जागा आणि फोनची माहिती असते. एखादा कागद फक्त चारच माणसांकडे गेला असेल तर नुसता त्याचा उल्लेखही माणूस ओळखायला पुरतो. अशा कागदावरून दिशा घ्या, आणि तीच गोष्ट सार्वजनिक नोंदीतून वा माहिती अधिकारातून पुन्हा मिळवून ती छापा. वेळ जास्त लागतो, पण कुणाची नोकरी जात नाही. कंत्राटी कामगाराला तर काढून टाकायला नोटीसही देत नाहीत.

तळटीप:

तडजोडीबद्दल एक भर, कारण पुढे ती वेळ येईल. रकमेच्या बदल्यात गोपनीयतेचं कलम घालायचा प्रयत्न होतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ४६ राज्यांनी तंबाखू कंपन्यांशी केलेल्या करारात पैशाइतकंच मोल अंतर्गत कागद जनतेला खुले करण्याच्या अटीला होतं. ते कागद आजही जगभरचे संशोधक वापरतात. ड्यूपॉन्टच्या सी-८ (टेफ्लॉन बनवताना वापरलेलं पीफास रसायन) प्रकरणात तडजोडीतूनच स्वतंत्र शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली, सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं, आणि सहा आजारांशी संभाव्य संबंध निघाला. त्याच्या जोरावर २०१७ मध्ये ६७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई मिळाली. तेव्हा मागण्यांच्या यादीत आत्ताच लिहून ठेवा: पाच वर्षांचे सांडपाणी मोजणीचे कच्चे आकडे (सरासरी नको, सरासरीत रात्रीचा विसर्ग विरून जातो), गावाने सुचवलेल्या तज्ज्ञाकडून तपासणी, आणि आरोग्य पाहणीचा खर्च कंपनीच्या ताब्यात नसलेल्या खात्यात.

नदीकाठ:

सर्वांचे आभार. सांडपाण्याचाच आरोप घेतोय, वेतनाचा आणि देणगीचा बाजूला ठेवला. वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आहे. त्याआधी छापावं की नंतर?

खतावणी:

आधी, पण फार आधी नको. सभेची नोटीस भारतात किमान २१ दिवस आधी येते. नोटीस आली की प्रश्नावली पाठवा, म्हणजे दहा कामकाजी दिवस संपून सभेपूर्वी आठवडाभर हातात राहतो. त्या आठवड्याच्या सुरुवातीला छापा. एक शेअर असलेला भागधारकही सभेत प्रश्न विचारू शकतो, पण ऑनलाइन सभेत वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं आणि ती मुदत सभेच्या काही दिवस आधीच संपते. मुदत नोटिशीच्या शेवटच्या टिपांमध्ये, बारीक अक्षरांत असते. प्रश्न दोन मिनिटांत वाचून होईल एवढाच ठेवा, ईमेलनेही पाठवा, आणि 'उत्तर नंतर कळवू' म्हणाले तर कोण कळवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथल्या तिथे विचारून इतिवृत्तात नोंदवायला सांगा.